कंधारचा समुद्र आणि आमच्या वह्या

ज्युबिलीच्या स्मरणिकेसाठीं कांहीं इतिहासपर लिहावें, अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हां आम्हीं प्रथम आपल्या मंदिराचाच इतिहास लिहावयास घेतला. दोन दिवसांत असें दिसून आलें कीं, इमारतीविषयीं सांगण्यासारखें पुष्कळ आहे, माणसांविषयीं फार थोडें. विटा किती आल्या, चुन्याला काय पडलें, गवंड्याची मजुरी किती झाली, हें सर्व हिशेबाच्या वहींत आहे. परंतु त्या विटा डोक्यावरून कोणीं वाहिल्या, तें कोठेंच नाहीं. म्हणून, वाचकहो, आपली परवानगी गृहीत धरून आम्ही आपणांस प्रथम नांदेडपासून सुमारें पन्नास किलोमीटरांवरील एका गांवीं नेतों, आणि मग घरीं परत आणतों.

तें गांव म्हणजे कंधार. मन्याड नदीच्या आश्रयानें वसलेलें, भुईकोट किल्ल्याचें व एका मोठ्या तळ्याचें हें लहानसें शहर आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. त्या तळ्याला ‘जगत्तुंग समुद्र’ म्हणतात. ज्यानें मुंबईस खरा समुद्र पाहिला आहे, तो हें नांव ऐकून हंसेल. पण ज्या मुलखांत २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली, त्या मुलखांत साठविलेल्या पाण्यास समुद्र म्हणणें ही अतिशयोक्ति आहे, असें आम्हांस तरी वाटत नाहीं.

जगत्तुंग हें राष्ट्रकूट घराण्यांतील बिरुद. आठव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेला तिसरा गोविंद तें धारण करीत असे, आणि पुढें त्याच घराण्यांतील एका राजपुत्राचेंही तें नांव होतें; तेव्हां तळें नेमकें कोणाचें, याचा वाद पंडितांनीं घालावा. आम्हांस नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. राष्ट्रकूटांचें राज्य लयास जाऊन हजारांहून अधिक वर्षें झालीं, मागाहून बहामनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा राजवटी आल्या आणि गेल्या. तरी त्या घराण्याचें बिरुद आजही पाण्यावर म्हशी नेणाऱ्या पोराच्या तोंडीं आहे. त्याला अर्थ ठाऊक नसेल, पण नांव ठाऊक आहे.

आणि हें नांव केवळ ऐकीव नव्हे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा, म्हणजे दहाव्या शतकांतला, संस्कृत शिलालेख कंधारास सांपडला. त्यांत या जलाशयाचा उल्लेख आहे. तो दगड शतकानुशतकें होता, परंतु तो वाचणारा कोणी नव्हता. १९६८ सालीं नांदेडच्या यशवंत महाविद्यालयानें डॉ. रित्ती व प्रा. शेळके यांनीं संपादिलेला नांदेड जिल्ह्यांतील शिलालेखांचा संग्रह छापिला, आणि कंधारचा दगड ज्याला कंधारास जाणें शक्य नाहीं त्यालाही वाचतां येऊं लागला. संग्रह इंग्रजींत आहे, हें थोडें दुःखाचें. पण आहे, हें मोठें. त्याच भागांत एका महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे भग्न अवशेषही निघाले आहेत. ज्यांनीं ते पाहिले नसतील, त्यांनीं मुलांना घेऊन एक दिवस अवश्य जावें.

असें असलें तरी त्या शिलालेखापुढें आमच्या मनांत एक प्रश्न राहतोच. राजाचें नांव दगडांत आहे. तळें खणणारांचें नाहीं. एवढी माती काढणारे, पाटीमागून पाटी बांधावर टाकणारे, दगड फोडून रचणारे कोण होते? आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबांचे पूर्वज या मराठवाड्यांत माती खणणारे, दोर वळणारे, चामडें कमावणारे, गांवकीचीं कामें उपसणारे असे होते. ते त्या बांधावर नव्हते असें कोण म्हणूं शकेल? आणि होते असेंही सिद्ध करतां येत नाहीं, कारण त्यांचें नांव लिहून ठेवण्याचें कारण कोणास वाटलें नाहीं.

लिहिलेलें तरी टिकतें काय? याचेंही उत्तर कंधारच देतें. १६३१ सालीं शहाजहानचा सरदार नासिरी खान यानें हा किल्ला जिंकला. ‘पादशाहनामा’ या ग्रंथाची जी सचित्र प्रत इंग्लंडांत विंडसर येथील राजसंग्रहांत आहे, तींत या वेढ्याचें एक सुंदर चित्र आहे. पण फारशी लिपींत आपलें कंधार व अफगाणिस्तानांतलें कंधार हीं दोन्ही नांवें सारखींच दिसतात. त्यामुळें चित्राचें नांव ऐकून मनुष्य सहजच अफगाणिस्तानाकडे वळतो. आपल्या किल्ल्याचें चित्र सातासमुद्रांपलीकडे आहे, आणि आपल्या मुलांना त्याची वार्ताही नाहीं.

दुसरी गोष्ट याहून जवळची. निजामी राजवटींत मुन्शी मुहम्मद अमीर हमजा यांनीं ‘तारीख-ए-कंधार दखन’ या नांवाचा ग्रंथ उर्दूंत लिहिला. एका लहान शहराचा इतिहास त्या शहरासाठीं कोणी लिहावा, हें भाग्य थोड्याच गांवांच्या वांट्याला आलें आहे. पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानांतील निजामाची सत्ता संपली, कालांतरानें या भागांतील कचेऱ्यांची व शाळांची भाषा मराठी झाली, आणि तें सर्वथा न्याय्यच झालें. परंतु आजोबांचे कागद नातवाला वाचतां येईनात. उर्दू असो, मोडी असो, जो कागद वाचतां येत नाहीं तो घरांत अडगळ ठरतो, आणि दिवाळीच्या साफसफाईंत निघून जातो. आम्हांस स्वतःलाही उर्दू येत नाहीं, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

छापलेलें टिकतें, अशी एक समजूत आहे. तीही खरी नव्हे. फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, व १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. मध्यंतरीं १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेविरुद्ध हुकूमही काढला. असें असतां तो ग्रंथ आपणांस कसा मिळाला? भाविक कुटुंबांनीं व उपाध्यायांनीं आपल्या हातानें त्याच्या नकला केल्या, मोठ्यानें वाचल्या, आणि एकानें दुसऱ्यास दिल्या म्हणून. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं मंगळूरास सालढाणा यांनीं तो पुन्हां छापिला. देवनागरी लिपींतील छापील प्रत मराठी वाचकांच्या हातीं यावयास १९५६ साल उजाडावें लागलें.

आतां घरीं येऊं. ट्रेंट येथील महासभेनें १५६३ सालीं विवाहांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा धर्मगुरूंना दिली, व बाप्तिस्म्याची नोंद त्याच सुमारास सार्वत्रिक झाली. युरोपांतील धर्मग्रामासाठीं केलेला हा नियम मराठवाड्याच्या खेड्यांत काय करून गेला, याचा विचार आपण क्वचितच करतों. आमच्या कपाटांतील जुनी बाप्तिस्म्याची वही उघडली म्हणजे आईचें नांव, बापाचें नांव, गांव, धर्ममाता-धर्मपित्याचें नांव असें सर्व दिसतें. कित्येक घराण्यांचीं नांवें कागदावर मानानें आलीं तीं प्रथम तेथेंच, असा आमचा समज आहे. मात्र वहींत चारच रकाने आहेत. ती बाई किती कोस चालून आली, गांवानें तिला विहिरीवर येऊं दिलें कीं नाहीं, पहिली प्रार्थना तिला कोणीं शिकविली, याला रकाना नाहीं.

हें सांगूं शकेल असा मनुष्य आपल्यांत होता. धर्मशिक्षणाचें काम करणारे ते वृद्ध गृहस्थ, ज्यांस लहानथोर सर्व ‘मास्तर’ म्हणत, ते सायकलीवरून खेडोपाडीं हिंडले होते. कोणत्या घरीं कोणत्या सालीं प्रथम मिस्सा झाली तें त्यांस तोंडपाठ असे. आम्ही येथें आल्यापासून त्यांस म्हणत होतों, “मास्तर, एकदां बसूं आणि सर्व लिहून काढूं.” ते म्हणत, “फादर, तुम्ही सांगाल तेव्हां.” पावसाळा गेला, नाताळ गेला, उपवासकाळ आला, आम्हांस सवड झाली नाहीं. ईस्टरच्या आधींच मास्तर गेले. त्यांच्या मृत्यूची नोंद आम्हींच वहींत केली. ती एका ओळींत मावली.

त्यानंतर आम्हीं एक नवी वही आणली. ती सॅक्रिस्टींत ठेवली आहे, कुलुपांत नाहीं. ज्याला आपल्या घराचें, वस्तीचें, विहिरीचें, जुन्या वाटेचें कांहीं आठवत असेल, त्यानें मिस्सेनंतर येऊन लिहावें. लिहितां येत नसेल त्यानें सांगावें, शाळेंतलीं मुलें लिहितील. जुनीं छायाचित्रें आणाल तर मागें पेन्सिलीनें नांवें लिहून आणा, आम्ही परत करूं. वहीची नक्कल दर वर्षीं सणाच्या दिवशीं करून एक प्रत शाळेच्या ग्रंथालयांत ठेवावयाची, असें मंडळांत ठरलें आहे.

पहिल्या पानावर मास्तरांविषयीं आम्हांस जें आठवलें तें आम्हीं लिहिलें. तें अडीच पानेंच झालें. पुढचीं पानें कोरीं आहेत.