पंक्चरवाल्याचा इतिहास

डनलॉपने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याबरोबर पंक्चर आले आणि ते काढणाराही आला. इतिहासात नाव मात्र डनलॉपचेच राहिले. १९२३ मध्ये मुंबईहून सायकलवर निघून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२८ मध्ये जग फिरून परतले. त्यांचीही नोंद आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून रोज सायकल चालवणाऱ्या मास्तरांची, पोस्टमनची, मजुरांची नोंद कोण ठेवणार?

माझे अब्बा त्यांचे मिस्त्री होते. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अडकून चाक जाम व्हायचे, उन्हाळ्यात बाभळीचे काटे. अब्बा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवत, बुडबुड्यावर खूण करत, जागा घासून सोल्यूशन लावत आणि ते सुकेपर्यंत थांबत. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवत. म्हणत, "काटा आत राहिला तर घेतलेला पैसा हरामाचा."

गिऱ्हाईक लांब जाणार असेल तर चाकाचा आऊट काढत, ब्रेकचे रबर पाहत, छर्रे घासलेटात धुऊन ग्रीस भरत, चेनला तेल देत.

आज ‘पंक्चरवाला’ हा शब्द मुसलमानाला हिणवायला वापरतात. मला त्यात शिवी ऐकू येत नाही. टायरमधून फिरणारे अब्बांचे बोट आठवते. तुम्हीही सायकल काढाल तेव्हा आधी टायरमधला काटा शोधा.