चंदेरी छपराचा रंग

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ नॅन्टकेट नावाचे बेट आहे. तेथील घरांवर सीडारच्या लाकडाची पातळ फळकुटे कौलांसारखी एकावर एक चढवून बसवतात. नवे फळकूट पिवळसर तपकिरी असते. काही वर्षांत ते चंदेरी करडे होते. हा रंग कुणी लावलेला नसतो. मग तो येतो कुठून? आणि त्यामुळे छप्पर कमी तापते का?

हे बेट म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचे आजोळ. (येथील १६८६ सालच्या कॉफिन घरावर १९८७ मध्ये वीज पडून छपराची मोठी हानी झाली. तीही तडितरक्षकाच्या जनकाच्या आजोळी!) रंग आणि उष्णता यांचा संबंध त्याने फार सोप्या रीतीने तपासला होता. लंडनमधील घरमालकिणीची मुलगी मेरी स्टीव्हनसन हिला तो पत्रांतून विज्ञान शिकवी. १७६१ च्या पत्रात तो सांगतो, की शिंप्याच्या नमुन्यांतले रंगीत लोकरी कापडाचे तुकडे त्याने उन्हात बर्फावर ठेवले. काही तासांनी काळा तुकडा सर्वांत खोल रुतला, गडद निळा जवळजवळ तितकाच, फिकट रंगांचे कमी. पांढरा वरच राहिला. बर्फ हाच तापमापक!

यावरून चंदेरी छप्पर थंड असणार, असे आपण म्हणू. पण १८०० मध्ये विल्यम हर्शेलने वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नाही तेथे, तापमापक ठेवला आणि पारा चढला. सूर्याच्या ऊर्जेचा साधारण निम्मा भाग या अवरक्त किरणांचा असतो. तेव्हा नुसत्या रंगावरून छपराच्या तापण्याचा निर्णय देणे घाईचे ठरेल.

वर्णपटाचे दुसरे टोक रिटरने १८०१ मध्ये शोधले. जांभळ्याच्या पलीकडे सिल्व्हर क्लोराइड झपाट्याने काळे पडले. लाकडाचा रंग बदलतो तो याच अतिनील किरणांमुळे. ते लाकडात जेमतेम ७५ मायक्रोमीटर शिरतात, म्हणजे केसाच्या जाडीइतके. तेथील लिग्निन त्यांना शोषते आणि त्याचे रेणू तुटतात. पाऊस ते तुकडे धुऊन नेतो. मागे उरतात सेल्युलोजचे फिकट तंतू, आणि ते सगळेच रंग विखुरतात. ओलसर जागी मात्र बुरशी वाढून तेच लाकूड काळपट होते.

पावसात छप्पर आणखी गडद दिसते. याचे एक कारण स्वीडनच्या अँडर्स अँगस्ट्रॉमने १९२५ मध्ये दिले. ओल्या पृष्ठभागावरून परत फिरणारा बराचसा प्रकाश पाण्याच्या थरातून बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. तो पुन्हा पृष्ठभागावर आदळतो आणि दर खेपेस थोडा शोषला जातो. वर्गात जुन्या फळीचा अर्धा भाग भिजवून हे दाखवता येईल.

झीज अर्थात चालूच राहते. उन्हापावसात उघड्या असलेल्या मऊ सूचिपर्णी लाकडाचा शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर जाडीचा थर जातो.