म्युनिसिपालटीतले जोतीराव

मागं आमच्या श्राविका मंडळात शेजारच्या गावातल्या एका नगरसेविकेचा सत्कार झाला. शाल-श्रीफळ देऊन झालं, फोटो झाले. चहा घेताना मी सहज विचारलं, "ताई, सभेत तुम्हाला काय काम असतं हो?" त्या मोकळेपणानं म्हणाल्या, "कसलं काम, काकू! सगळ्यांचे हात वर गेले की आपलाही वर करायचा. नाहीतर आपण एकटं पडतो."

बाई खोटं बोलल्या नाहीत. एकटं पडायची भीती आपल्या सगळ्यांनाच असते. घरात असते आणि मंदिराच्या ट्रस्टच्या बैठकीतही असते. पण त्यांचं ते वाक्य ऐकलं आणि मला पुण्याच्या म्युनिसिपालटीतले एक सभासद आठवले. ते म्हणजे जोतीराव फुले.

जोतीराव म्हटलं की आपल्याला 1848 सालची मुलींची शाळा आठवते, सावित्रीबाई आठवतात, 1873 चा सत्यशोधक समाज आठवतो. पण 1876 पासून 1882 पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असेल. त्या काळी आजच्यासारखी निवडणूक नव्हती. सरकारच सभासद नेमत असे. शहरातले प्रतिष्ठित लोक त्यात असत. जोतीराव तेव्हा व्यापार आणि बांधकामाची कंत्राटं करत, त्यांची शेतीही होती. म्हणजे त्यांची खुर्ची सरकारनं दिलेली आणि धंद्यातही सरकारशी संबंध. अशा माणसानं गप्प बसावं हेच शहाणपणाचं, असं कुणीही म्हणालं असतं.

ते सभासद झाले त्याच सुमाराला दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. 1877 मध्ये जोतीरावांनी आणि सत्यशोधक समाजातल्या त्यांच्या सोबत्यांनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी छावणी चालवली. उपाशी लेकरं डोळ्यांनी पाहिलेला माणूस सभेत खर्चाचे आकडे कसे ऐकत असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

अशातच व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार असं ठरलं. लाटसाहेबांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करावेत, असा विषय नगरपालिकेपुढं आला. त्या काळचे हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! जोतीराव म्हणाले, हा पैसा स्वागतावर उधळण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. मत घ्यायची वेळ आली तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचं पडलं. बाकी सगळे एका बाजूला. ठराव अर्थातच मंजूर झाला.

दारूच्या दुकानांचंही तसंच. शहरात वस्तीमध्ये दुकानं वाढू लागली तेव्हा 1880 मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या प्रमुखांना लेखी कळवलं. नगरपालिका एकीकडं लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि दुसरीकडं त्याच लोकांचं आरोग्य आणि संसार दारू धुऊन नेते, हे कसं चालायचं, असा त्यांचा रोख होता. आपल्या घरांत व्यसनत्यागाचा नियम लहानपणीच देतात. पण तो नियम नगरपालिकेच्या कागदावर आणायला बळ वेगळं लागतं. दारूचं उत्पन्न सरकारला हवं होतं, हे जोतीरावांना माहीत नव्हतं थोडंच!

पुढं मंडईची मोठी इमारत बांधायचं निघालं. जोतीरावांचं म्हणणं तेच, इमारतीपेक्षा शिक्षण आधी. इथंही त्यांचं कुणी ऐकलं नाही. 1886 मध्ये इमारत उभी राहिली आणि गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले.

मग सहा वर्षांत त्यांनी मिळवलं काय? मतांच्या हिशेबानं बघितलं तर हार. पण 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन आलं, तेव्हा जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. त्यात स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, मात्र शाळांचा कारभार संपूर्ण त्यांच्या हाती सोपवू नये, असंही त्यांनी सांगितलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ही सूचना बाहेरून टीका करणाऱ्याची नाही. पैसा कुठं जातो आणि कुठं जात नाही, हे सहा वर्षं आत बसून पाहिलेल्या माणसाची आहे. आणि निवेदनाच्या शेवटी मागणं काय, तर मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रसार अधिक उदारपणे करा! सभेत एकटं पडलेलं ते मत असं पुढं चालत राहिलं.

मंडईची गोष्ट अजून राहिली. पुढं आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांनी पुढाकार घेतला आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. ज्या इमारतीला जोतीरावांनी विरोध केला, तिच्यावर आज त्यांचंच नाव आहे. पुण्याला गेलं की आपणही तिथून भाजी घेतो.

आपल्या धर्मात अनेकांत शिकवतात. सत्याला बाजू अनेक असतात, म्हणून वेगळं बोलणाऱ्याचंही ऐकून घ्यावं. पाठशाळेत हे आपण मुलांना सांगतो, आणि घरातली सून बैठकीत वेगळं बोलली तर डोळे वटारतो! 1992 च्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांत बायकांना निदान एक तृतीयांश जागा मिळाल्या. जोतीराव बत्तिसांत एकटे होते. आपण आज एकट्या नाही, तरी हात मात्र दुसऱ्यांकडं बघूनच वर जातो.

त्या ताई परवा पुन्हा भेटल्या. त्यांना मी ही सगळी गोष्ट सांगितली. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "काकू, विरोधात मत देईन की नाही ते आत्ता सांगत नाही. पण पुढच्या सभेआधी अंदाजपत्रकाची प्रत मागून घेते. आजवर मी ती वाचलेलीच नाही."

मी म्हटलं, आणा. दोघी मिळून वाचू.