इंग्रजी पहिली ते तिसरी : दोन भाषांचा एक तास

सहावी-सातवीच्या इंग्रजीच्या तासाचे आज तीन कप्पे पडलेले दिसतात. धडा आणि कविता हे वाङ्मय, वाक्यांचे प्रकार आणि काळ हे व्याकरण, पत्र आणि निबंध हे लेखन. प्रश्नपत्रिकेतही तिन्हींचे गुण वेगळे असतात. कवितेचा अर्थ पाठ करणाऱ्या मुलाला त्या कवितेतल्या क्रियापदाकडे पाहावेसे वाटत नाही, आणि व्याकरणाची रिकामी जागा अचूक भरणाऱ्याला चार ओळींचे पत्र जमत नाही. ही फारकत या विषयात मुळापासूनच आहे असे आपण धरून चालतो. महाराष्ट्रातल्या इंग्रजी शिक्षणाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. इथे सुमारे शंभर वर्षे वाङ्मय, व्याकरण आणि लेखन यांना एकत्र बांधणारी एक गोष्ट वर्गात होती, ती म्हणजे भाषांतर. इंग्रजीचा तास तेव्हा इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषांचा तास होता. भाषांतराला आपण मागासलेली पद्धत ठरवून वर्गाबाहेर काढले आणि तीन कप्पे एकमेकांपासून सुटले, असे माझे म्हणणे आहे. त्या पद्धतीचे दोषही खरे होते. म्हणून हे म्हणणे पुराव्याने तपासून पाहिले पाहिजे.

सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून करावी लागते. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईत शाळापुस्तक मंडळीने जी पुस्तके तयार केली, त्यांतली बरीच इंग्रजीवरून मराठीत आणलेली होती. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि १८४७ मध्ये मोल्सवर्थ-कँडींचा इंग्रजी-मराठी कोश. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’च्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. आपल्या लोकांत पाश्चात्त्य विद्यांचा अभ्यास वाढावा हा त्यांचा एक उघड हेतू होता, आणि त्यासाठी त्यांनी दोन भाषा समोरासमोर ठेवण्याचा मार्ग निवडला. पुढच्याच दशकात शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता, तर कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह मंडळाचे एतद्देशीय सभासद देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. हा वाद माध्यमाचा होता. त्यातून मुंबई इलाख्यात जी व्यवस्था घडत गेली तिच्यात मराठी शाळेचा पाया आणि त्यावर इंग्रजी शाळेचा मजला, अशी रचना रुजली. इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाच्या हाताशी मराठीचे वाचन-लेखन आधीच असे. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका वस्तुस्थितीवर उभ्या आहेत.

मराठी चौथी झाली की मूल ‘इंग्रजी पहिली’त जाई. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी सात इयत्ता असत. पहिली ते तिसरी हा माध्यमिकचा खालचा टप्पा आणि चौथीपासून हायस्कूल. हायस्कुलात बहुतेक विषय इंग्रजीतून चालत, पण खालच्या तीन इयत्तांत मराठीच माध्यम असे. गावोगावच्या ए. व्ही. शाळा, म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा, अनेकदा या तीन इयत्तांपुरत्याच असत. म्हणजे आजच्या पाचवी ते सातवीच्या वयाचे मूल तीन वर्षांत शून्यापासून निघून, चौथीत इतिहास-भूगोल इंग्रजीतून समजण्याइतके तयार व्हावे, अशी अपेक्षा होती. ही अपेक्षा प्रचंड होती आणि ती पेलण्याचे साधन भाषांतर होते. शिक्षण खात्याचे प्रमुख हॉवर्ड यांच्या नावाची इंग्रजी पुस्तके वाचनासाठी असत, आणि घरी उजळणीला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तीन भागांच्या या पाठमालेची आखणी साधी होती. आधी नियम, मग शब्द, मग मराठीत करायची इंग्रजी वाक्ये आणि शेवटी इंग्रजीत करायची मराठी वाक्ये. यातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा. इंग्रजी वाक्याचा अर्थ अंदाजाने सांगता येतो. मराठी वाक्याचे इंग्रजी करताना अंदाज चालत नाही. प्रत्येक शब्दाची जागा, प्रत्येक क्रियापदाचा काळ मुलाला स्वतः ठरवावा लागतो.

व्याकरण कुठे जिवंत होते ते इथे दिसते. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यांत मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत आंबा असो की पोळी, क्रियापद तेच राहते आणि कर्त्याला ‘ने’ लागत नाही. ‘मला पुस्तक आवडते’ या वाक्यात मराठीने ज्याला ‘मला’ म्हणून बाजूला बसवले, त्याला इंग्रजी कर्त्याच्या जागी आणून बसवते. मराठीत उपपद नाही. म्हणून ‘मुलगा आला’ एवढे साधे वाक्यही इंग्रजीत नेताना, हा कोणी एक मुलगा की ठरावीक मुलगा, हा निर्णय करावा लागतो. इंग्लंडमधल्या मुलासाठी लिहिलेल्या व्याकरणात यातले काही सापडत नाही, कारण त्या मुलाला या अडचणीच नसतात. दोन भाषा समोरासमोर ठेवल्यावरच नियमाची गरज कळते. हा व्यवहार दोन्ही दिशांनी चालला, हेही विसरता येत नाही. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या पुस्तकाच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणांचा ठसा आहे. थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह मराठी गद्यात स्थिरावले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या संस्थापक मंडळींपैकी गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये वाक्यमीमांसेवर आणि वाक्यांच्या पृथक्करणावर मराठीत ग्रंथ लिहिला. इंग्रजीच्या वर्गात रोज चालणारे वाक्यपृथक्करण त्यांनी मराठीला लावून पाहिले. आज मराठीच्या तासाला उद्देश्य-विधेय आणि मिश्र-संयुक्त वाक्ये शिकवली जातात, त्यांमागे ही देवघेव आहे.

वाङ्मयाच्या बाबतीत एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. इंग्रजी वाङ्मय हा विषय इंग्लंडमधल्या शिक्षणसंस्थांत रुळण्याआधी हिंदुस्थानात शिकवला गेला आणि त्यामागे राज्य टिकवण्याचा हेतू होता, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणात पौर्वात्य वाङ्मयाविषयीचा तुच्छभाव स्पष्ट आहे. हेतूविषयीचे हे म्हणणे मला मान्य आहे. पण राज्यकर्त्यांचा हेतू आणि वर्गातला परिणाम नेहमी सारखा नसतो. १८६० च्या दशकात मुंबई विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या आणि त्या परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. विद्यापीठाने मराठीला दाराबाहेर ठेवले त्याच काळात खालच्या इयत्तांत इंग्रजीच्या प्रत्येक धड्याशेजारी मराठी बसत होती. धडा वाचायचा म्हणजे तो मराठीत आणायचा, आणि मराठीत आणायचा म्हणजे आपल्या भाषेत हे कसे म्हणतात याचा शोध घ्यायचा. या शिस्तीत वाढलेल्या पिढीने इंग्रजी ग्रंथांपुढे नुसती मान तुकवली नाही. सरकारी शाळेत शिक्षक असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर पुरे करणारे तेच, आणि इंग्रजी राज्यावर मराठीतून कठोर टीका करणारेही तेच. निबंध हा प्रकार त्यांनी इंग्रजीतून घेतला आणि तो इंग्रजांविरुद्ध वापरला. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकलेल्या आणि पुढे स्वतः मास्तरकी केलेल्या केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट मराठीत रुजवले.

यावर कोणी म्हणेल की ही सगळी असामान्य माणसे. घरात संस्कृतची परंपरा, बुद्धी तल्लख, त्यांच्यावरून सामान्य वर्गाचे मोजमाप करू नये. आक्षेप रास्त आहे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो ज्यांच्यासाठी, त्या समाजातली फार थोडी मुले इंग्रजी पहिलीपर्यंत पोचत होती. ज्योतिरावांनी १८८२ च्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनाचा रोखच हा होता की वरच्या शिक्षणावर पैसा जातो आणि खालचा वर्ग प्राथमिक शिक्षणापासूनही वंचित राहतो. तेव्हा या पद्धतीने सर्वांना इंग्रजी दिले असा दावा कोणी करू नये. पण इथेच एक वेगळा प्रश्न उभा राहतो. जो मुलगा इंग्रजी तिसरीवर शाळा सोडतो त्याच्या पदरात काय पडते? हा प्रश्न ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगालमधल्या द्विभाषिकतेवरच्या १९२६ च्या अभ्यासात नेमका मांडला. मध्येच शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्याला तोवरच्या कष्टाचा किती मोबदला मिळतो, यावरून त्यांनी अभ्यासक्रमाची परीक्षा केली आणि उत्तर म्हणून वाचनावर भर दिला. त्याच कसोटीवर महाराष्ट्रातला तास घासून पाहावा. तिसरीवर शाळा सुटलेल्याला इंग्रजी बोलता येत नसे. पण अर्ज, पावती, नोटीस यांचा मराठी अर्थ तो लावू शके, आणि त्याची मराठी वाक्यरचनाही तावून निघालेली असे. हा मोबदला लहान होता. तरी तो दोन्ही भाषांत मिळत होता.

भाषांतर पद्धतीवरचा सर्वात जोरदार हल्ला प्रत्यक्ष पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी केला. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मातृभाषा वर्गात आणू नये, वस्तू दाखवून आणि कृती करून वाक्ये बोलून घ्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्याच्या शिक्षणसेवेत असलेले पी. सी. रेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातल्या शाळांसाठी याच पद्धतीवर पुस्तक लिहिले. पुढे १९३० च्या दशकात मार्टिन यांच्याबरोबर त्यांचे नाव ज्या व्याकरणाच्या पुस्तकावर आले ते घरोघर पोचले, आणि प्रत्यक्ष पद्धतीचे पुस्तक मागे पडले. याचे कारण शिक्षकांचा आळस नव्हे. प्रत्यक्ष पद्धतीला अस्खलित बोलणारा शिक्षक, लहान वर्ग आणि भरपूर तास लागतात. पन्नास मुलांच्या तालुक्याच्या शाळेत यातले काहीच नव्हते. परिणामी बोलणे आले नाहीच. मात्र भाषांतर कमीपणाचे ठरले. नेसफील्ड यांच्या आणि रेन-मार्टिन यांच्या व्याकरणाच्या पुस्तकांत नियम आणि उदाहरणे इंग्रजीतच होती, मराठीशी तुलना नव्हती. व्याकरण धड्यापासून सुटले ते इथे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजीची सुरुवात आठवीपर्यंत पुढे ढकलली. महाराष्ट्रात ती नंतर पाचवीवर आली आणि २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. इयत्तेवरून जेवढे वाद झाले त्याच्या तुलनेत वर्गात नेमके काय करायचे यावर फार कमी बोलले गेले. आधी रचनांच्या सरावावर भर आला, नंतर संवादावर. दोन्हींमागचा विचार चांगला होता आणि मुले आज पूर्वीपेक्षा धीटपणे इंग्रजी बोलतात, ही त्यांची मिळकत नाकारण्याचे कारण नाही. पण मराठी माध्यमाच्या कितीतरी वर्गांत भाषांतर थांबलेले नाही. ते अर्धे उरले आहे. शिक्षक धड्याचा अर्थ मराठीत सांगतो आणि मूल ऐकते. मराठी वाक्य इंग्रजीत नेण्याचा, इंग्रजी उतारा स्वच्छ मराठीत लिहिण्याचा, म्हणजे मुलाने स्वतः करायचा भाग गेला. त्याची जागा गाइडातल्या तयार उत्तरांनी घेतली.

जुन्या पद्धतीचा जीर्णोद्धार करावा असे मी म्हणत नाही. तिच्यात ऐकणे-बोलणे नव्हते, सुटी वाक्ये फार होती आणि घोकंपट्टीला वाव होता. तिच्यातला टिकाऊ भाग तेवढा उचलावा. सहावी-सातवीच्या मुलाने आठवड्याला एक छोटा, खऱ्या मजकुराचा उतारा मराठीत लिहावा, आणि काही दिवसांनी पुस्तक मिटून तोच उतारा मराठीवरून पुन्हा इंग्रजीत न्यावा. मग आपले इंग्रजी आणि मूळ इंग्रजी शेजारी ठेवून फरक शोधावा. उतारा समजून घेताना वाङ्मय येते, फरक समजावताना व्याकरण येते, आणि दोन्ही वेळा लेखन होते. यासाठी महागडे साधन लागत नाही, अस्खलित उच्चाराचा शिक्षकही लागत नाही. मात्र मराठीचा आणि इंग्रजीचा शिक्षक एकमेकांच्या विषयात लक्ष घालणारे हवेत. पहिलीपासून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाची मराठी पक्की नसेल तर हे कसे जमेल, असा शेवटचा प्रश्न उरतो. जमणार नाही, हेच त्याचे उत्तर आहे, आणि म्हणून इंग्रजी सुधारण्याची चर्चा मराठीच्या वाचन-लेखनाला बाजूला ठेवून करता येत नाही. इंग्रजी पहिलीच्या मुलाकडे चार वर्षांची मराठी शिदोरी होती, आणि त्या तासाचे यश त्या शिदोरीवर उभे होते. आजच्या मुलाला इंग्रजी लवकर द्यायचे असेल, तर मराठी त्याहून आधी आणि भरपूर द्यावी लागेल.