हॅश सारणी (बुद्धिबळ इंजिनातील)

बुद्धिबळ इंजिनाने तपासलेल्या स्थितींची स्मृतीतली वही. एकच स्थिती निरनिराळ्या खेळीक्रमांनी पटावर येते. मुंबईतल्या गिरगावात खोताच्या वाडीतल्या एखाद्या घरी दोन बोळांतून पोचता यावे, तसे हे आहे. घर एकदा आतून पाहिले, की दुसऱ्या बोळाने आल्यावर पुन्हा पाहण्याचे कारण उरत नाही.

रचना : अल्बर्ट झोब्रिस्ट यांच्या पद्धतीत (1970) 12 प्रकारची मोहरी व 64 घरे यांच्या प्रत्येक जोडीला एक यादृच्छिक संख्या देतात. किल्लेकोटाचे हक्क वगैरे धरून या संख्या 781 होतात. त्यांच्यापासून स्थितीची खूण बनते. नोंदीत खूण, शोधाची खोली, मूल्य व उत्तम खेळी असते. त्याआधी ग्रीनब्लॅट यांच्या ‘मॅक हॅक’ या बुद्धिबळ प्रोग्रॅमने (1967) अशी सारणी वापरली होती.

आकाराचा परिणाम : सारणी भरली की जुनी नोंद पुसावी लागते, ती खोल शोधाची असेल तर तेवढे काम पुन्हा पडते. ‘स्टॉकफिश’ या इंजिनाची सारणी, आकार बदलला नाही तर, 16 मेगाबाइटची असते. तिच्या दर 32 बाइटांच्या कप्प्यात तीन नोंदी, म्हणजे एकूण सुमारे 15.7 लाख. सेकंदाला दहा लाख स्थिती तपासणाऱ्या इंजिनाला ही जागा लवकरच अपुरी पडते. झटपट डावात ते फारसे जाणवत नाही, रात्रभराच्या विश्लेषणात मात्र जाणवते. आकार दुप्पट केल्याने बळ दुप्पट होत नाही. फार मोठ्या सारणीतली नोंद वाचायला प्रोसेसरला अधिक वेळ लागतो आणि आकार रॅमबाहेर गेला तर इंजिन रखडते.

काय पुसावे हाही प्रश्न आकाराइतकाच मोलाचा आहे. ब्रॉयकर व सहकाऱ्यांनी (1994) एका जागी दोन नोंदी, एक मोठ्या शोधाची व एक ताजी, ठेवणे सरस ठरविले. प्याद्यांच्या अंत्यावस्थेत सारणीचा लाभ सर्वाधिक : रूबेन फाइन यांच्या पुस्तकातील 70 क्रमांकाच्या स्थितीत प्यादी अडकलेली आणि फक्त राजे फिरतात, त्यामुळे त्याच स्थिती पुन:पुन्हा येतात.

अनेक गाभ्यांचे प्रोसेसर : सर्व गाभे एकच सारणी वापरतात.

गिरगाव आणि बुद्धिबळ यंत्र : गिरगावातील ‘नवाकाळ’ दैनिकाच्या (स्थापना 1923) खाडिलकर घराण्यातील वासंती, जयश्री व रोहिणी या तिन्ही बहिणी बुद्धिबळातील राष्ट्रीय महिला विजेत्या. वासंती 1974 च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या विजेत्या. रोहिणी 1981 मध्ये आशियाई विजेत्या. रोहिणी यांनी 1989 मध्ये लंडनमध्ये बुद्धिबळ संगणकाला हरविल्याची नोंद आढळते. त्या काळी बहुतेक घरगुती बुद्धिबळ यंत्रांची स्मृती किलोबाइटांत मोजली जाई, म्हणजे वर सांगितलेल्या आकाराच्या सारणीला त्यांत जागाच नव्हती.