सातव्या महिन्याच्या आधी

वऱ्हाडात आईची काळजी आजवर उशिराच सुरू होत आली आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, पहिल्या बाळंतपणाला माहेर, मूल झाल्यावर डिंकाचे आणि मेथीचे लाडू, आळिवाची खीर, शेक-शेगडी. सारा जिव्हाळा शेवटच्या तिमाहीतला आणि त्यानंतरचा. दिवस जाण्याआधी मुलगी किती अंगाची होती, हे विचारणारा विधी आपल्याकडे नव्हता. सरकारी व्यवस्थेनेही हाच क्रम ठेवला. १८८५ साली डफरीन फंड निघाला तो स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी म्हणून. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही ‘डफरीन’ आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ म्हणून ओळखले जाते. अशा दवाखान्यांची मुख्य लढाई बाळंतपणातल्या मरणाशी होती, आणि ती लढायलाच हवी होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यांत मेळघाटातले धारणी होते. १९९३ मध्ये मेळघाटातले बालमृत्यू देशभर गाजले. २०१५ साली आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आली. प्रत्येक पाऊल मोलाचे होते. पण अंगणवाडीच्या वहीत बाईचे नाव ‘गरोदर’ म्हणून चढते ते दिवस गेल्यावर.

हा उशीर किती महाग पडतो, ते पुण्याजवळच्या सहा खेड्यांनी दाखवले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या केईएम रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून वजन-मापात घेतले. माता बहुधा काटक आणि शेतात राबणाऱ्या. त्यांची मुले सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. मात्र या हलक्या बाळांचे स्नायू जितके कमी होते, तितकी कातडीखालची चरबी कमी नव्हती. मूल दिसते किडकिडीत, पण त्याचा कल मेद साठवण्याकडे असतो. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत गर्भावस्थेचे पहिले महिने काढलेले मुलगे एकोणिसाव्या वर्षी अधिक प्रमाणात लठ्ठ आढळले. शेवटचे महिने उपाशी गेलेले मात्र कमी. म्हणजे सुरुवात वेगळे वळण लावते. वऱ्हाडाचा इतिहास या प्रकाशात वाचायला हवा. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आणला, रेल्वे आली, जमीन पांढऱ्या सोन्याखाली गेली, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात हाच सधन म्हणवला जाणारा प्रांत भुकेने होरपळला. त्या भुकेचा आजच्या देहांशी थेट धागा जोडणे धाडसाचे ठरेल. पण पिढ्यान् पिढ्या बारीक अंगाने गर्भ वाढवलेल्या मुलखात अचानक मुबलक तेल-साखर आली, तर तिचा परिणाम सर्वत्र सारखा होईल असे मानणेही चूक आहे.

कोणी म्हणेल, शहरातल्या मुलांची जाडी पाकिटबंद खाऊ आणि मोबाइलची. आईला मध्ये का ओढता? खाऊचा दोष खराच. पण अ‍ॅरिझोनातल्या पिमा या मूळनिवासी जमातीच्या कुटुंबांत एकाच आईच्या मुलांची तुलना झाली, तेव्हा आईला मधुमेह झाल्यानंतर गर्भात वाढलेली भावंडे आधीच्या भावंडांपेक्षा जाड निघाली. आई तीच, घरही तेच. केवळ वंशाने हा फरक उलगडत नाही. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत आज मूळचे जास्त वजन आणि गरोदरपणातला मधुमेह घेऊन येणाऱ्या स्त्रियाही आहेत. त्यांनाही ‘दोन जिवांचं खा’ असाच आग्रह होतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय संस्थेने २००९ साली दिलेली मापे मात्र वेगळे सांगतात: कमी वजनाच्या बाईने १२.५ ते १८ किलो, लठ्ठ बाईने ५ ते ९ किलो वाढावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यातून पुन्हा बाईलाच दोषी धरले जाईल. तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते, आणि इतिहास तिच्या बाजूने साक्ष देतो. कोणते पीक घ्यायचे, मुलीचे लग्न कोणत्या वयात करायचे, घरात शेवटी कोणी जेवायचे, यातले काही तिने ठरवले नव्हते. म्हणून ही जबाबदारी गर्भार बाईवर नव्हे, तर तिच्या आधीच्या दहा वर्षांवर टाकली पाहिजे: शाळेतल्या किशोरीच्या ताटावर, लग्नाच्या वयावर, आणि दिवस जाण्यापूर्वी वजन व साखर तपासणाऱ्या उपकेंद्रावर.