बिऱ्हाड पाठीवर



"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर" ही म्हण आपण देशाबाहेर आल्यापासून दर भाड्याचं घर बदलताना वापरतो. माझ्या बाबतीत ती अगदी शब्दशः खरी आहे, कारण मला बॅकपॅकिंगचा नाद आहे. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की घर, अंथरूण आणि स्वयंपाकघर पाठीवर घ्यायचं आणि डोंगरात जायचं.

गेल्या उन्हाळ्यात आठ वर्षांच्या लेकीला घेऊन वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक डोंगरांत गेलो होतो. तंबू नायलॉनचा, चांगला हलका. संध्याकाळी अगदी ढोलकीसारखा ताणून बसवला. रात्री दोनला जाग आली तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता आणि छत माझ्या नाकाशी आलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, तंबू लहान झालाय." तिच्या पायाकडे कापड टेकून स्लीपिंग बॅग भिजली होती. पिसांची बॅग भिजली की ऊब संपली. पहाटेपर्यंत तिला माझ्या बॅगेत घेऊन बसलो आणि उजाडताच गाशा गुंडाळला. घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "असं का झालं ते कळल्याशिवाय तिला परत न्यायचं नाही."

इंजिनिअरला एवढं पुरे! रूट कॉज शोधायला बसलो आणि बघता बघता दीडशे वर्षं मागे गेलो.

सुरुवात एडवर्ड व्हिंपरपासून करू. १८६५ मध्ये मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोचला तो हा इंग्रज. त्याआधीच्या प्रयत्नांत त्याने स्वतःचा तंबू तयार केला. दोन्ही टोकांना काठ्यांची कैची, वरून दोरी, सुती कापडाचं छप्पर, आणि खाली रबर लावलेल्या मॅकिंटॉश कापडाची जमीन. ही जमीन त्याने मुद्दाम मोठी घेऊन कडेने वर वळवून शिवली होती. आज दुकानात "बाथटब फ्लोअर" म्हणून विकतात ते हेच! तंबू भक्कम होता, पण वजन जवळजवळ दहा किलो. ते उचलायला हमाल असायचे, त्यामुळे फारसं बिघडत नव्हतं.

पुढच्या पिढीतल्या आल्बर्ट ममरीला असा लवाजमा नको होता. त्याने १८८० च्या दशकात रेशमाचा छोटा तंबू वापरात आणला आणि खांबांना चक्क रजा दिली. गिर्यारोहकाच्या हातात बर्फाची कुऱ्हाड असतेच, मग तिलाच खांब करा. वजन दोन किलोच्या आत आलं. (हाच ममरी १८९५ मध्ये नंगा पर्वतावर रघुबीर थापा आणि गोमन सिंग या दोन गुरखा सैनिकांबरोबर नाहीसा झाला.) त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस हायरम होल्डिंग नावाचा एक शिंपी सायकलवर मावतील असे तंबू शिवत होता. १९०१ मध्ये सायकलवरून कॅम्पिंग करणाऱ्यांची संघटना त्याच्याच पुढाकाराने निघाली.

तोपर्यंतचं सगळं कापड नैसर्गिक होतं. त्याची गंमत आपल्यापैकी एनसीसीच्या कॅम्पला गेलेल्यांना आठवत असेल. "पावसात आतून कापडाला बोट लावू नका" अशी तंबी मिळायची. सुताचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात, म्हणून घट्ट विणीचं कॅनव्हास पाणी अडवतं. पण बोट लावलं की नेमकं तिथूनच पाणी झिरपायला लागतं. कॅनव्हास भिजलं की जडही मणभर होतं.

१९३५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन जन्माला आलं. १९४० मध्ये त्याचे पायमोजे अमेरिकाभर विक्रीला आले आणि महायुद्धात तेच नायलॉन पॅराशूटला लागलं. ठरावीक अंतरावर जाड धागा विणून फाटणं थांबवायचं, ही रिपस्टॉपची युक्ती तंबूवाल्यांनी उचलली. पण नायलॉनचा धागा काही सुतासारखा फुगून भोकं बुजवत नाही, त्यामुळे लेप द्यावा लागला.

इथे दोन घराणी झाली. पॉलियुरेथेनचा लेप स्वस्त असतो आणि त्यावर कारखान्यातच शिवणीला टेप चिकटवता येते. पण तो धागे जखडून ठेवतो, त्यामुळे कापड लवकर फाटतं. शिवाय दमट जागी ठेवलं तर काही वर्षांत लेप चिकट होतो. सिलिकॉनचं उलट असतं. त्यात धागे थोडे सरकू शकतात, ताण वाटून घेतात आणि कापड जास्त चिवट होतं. पण सिलिकॉनला टेप चिकटत नाही, त्यामुळे शिवणी बहुधा हातानेच बुजवाव्या लागतात.

आणि माझं उत्तर इथेच सापडलं. नायलॉन पाणी पितं. लेप कितीही चांगला असो, धागा ओल धरतो आणि लांबतो. तीन मीटरची कड दोन टक्के जरी वाढली तरी सहा सेंटिमीटरचा झोळ पडतो. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं, पण त्याच वजनाला जरा कमी मजबूत असतं. तिसरा पर्याय डायनीमा कॉम्पोझिट. पूर्वी त्याला क्यूबेन फायबर म्हणत. १९९२ ची अमेरिकाज कप शर्यत जिंकणाऱ्या "अमेरिका क्यूब्ड" बोटीच्या शिडांवरून ते नाव पडलं. सिलिकॉन नायलॉन चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम भरतं, तर हे पातळ प्रकारात १८ ग्रॅमच्या आसपास. पाणी पीत नाही, ताणत नाही. पण टोचलं, घासलं तर लवकर जातं आणि किंमत ऐकून घाम फुटतो :-)

आता बांधणीचं बघू. १९७५ मध्ये नॉर्थ फेसने बकमिन्स्टर फुलरच्या घुमटावरून "ओव्हल इंटेन्शन" हा तंबू काढला. एकमेकांना छेदणारे लवचीक खांब कापड ताणून धरतात, त्यामुळे तो आपल्या पायावर उभा राहतो. पण खांबांचं वजन आलंच. याच्या दुसऱ्या टोकाला एम्मा गेटवुड नावाची आजी. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, ती एकटी अख्खी अॅपलाचियन ट्रेल चालली. पाठीवर तंबू नव्हताच, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा! पुढे १९९० च्या दशकात रे जार्डिन या एरोस्पेस इंजिनिअरने साध्या ताडपत्रीखाली झोपायचा पुरस्कार केला. मग चालायच्या काठ्यांवर उभे राहणारे एका भिंतीचे तंबू आले. म्हणजे ममरीची कुऱ्हाड परत आली! फक्त हे तंबू दोऱ्या आणि खुंट्या यांच्या ताणावर उभे असतात. ताण गेला की घर गेलं. शिवाय भिंत एकच असली की श्वासाची वाफ कापडावर आतून धरते आणि अंगावर टपकते.

थोडक्यात काय, तर गेल्या दीडशे वर्षांत पाठीवरून जे जे वजन उतरलं, ते माणसाच्या डोक्यात जाऊन बसलं. दहा किलोचा तंबू तुमच्या चुका पोटात घालतो, अर्ध्या किलोचा घालत नाही. जागा बघून निवडायची, वारा कुठून येतोय ते पाहायचं, पावसात मध्यरात्री उठून दोऱ्या ताणायच्या, हे सगळं आता तुम्ही करायचं. गेटवुड आजींना ते जमत होतं. मी मात्र हलका तंबू घेतला आणि त्याच्याबरोबर येणारं काम दुकानातच विसरून आलो.

असो. ज्यांना नवीन तंबू घ्यायचाय त्यांना माझा सल्ला: आधी वजन बघू नका, आपण रात्री दोनला उठणार का ते स्वतःला विचारा. मी सिलिकॉन पॉलिएस्टरचा, दोन भिंतींचा तंबू घेतलाय. आधीच्यापेक्षा अर्धा किलो जड आहे. पहिली रात्र मागच्या अंगणात काढली, आणि मुद्दाम पावसाचा अंदाज बघून. लेकीला कारण नीट समजावलंय. झोपण्यापूर्वी आणि पाऊस लागला की दोऱ्या तपासायचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं. रात्री तिनेच मला उठवलं. काही सैल झालं नव्हतं, तरी आम्ही दोघांनी टॉर्च घेऊन सगळ्या खुंट्या बघितल्या.

बायको खिडकीतून बघत होती. सप्टेंबरची परवानगी मिळाली आहे.